जिंकलेला खटला, बदललेला वकील

थॅडियस स्टीव्हन्स यांचा जन्म १७९२ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात एका गरीब घरात झाला. एक पाय जन्मतःच वाकडा. वडील घर सोडून गेले, तरी आईने काबाडकष्ट करून मुलाला शिकवले.

पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे त्यांची वकिली जोरात चालू लागली. तेथे सलग सहा महिने राहिलेला परराज्यातील गुलाम कायद्याने मुक्त होत असे. १८२१ मध्ये चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वतःसाठी आणि मुलांसाठी मुक्ती मागितली. स्टीव्हन्स मालकाचे वकील होते. तिचा मुक्काम सलग नव्हता, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाने मान्य केला. वकील जिंकला, पण एका आईची मुक्ती हुकली.

पुढे मात्र हेच स्टीव्हन्स पळून आलेल्या गुलामांच्या बाजूने न्यायालयात उभे राहू लागले. १८३५ मध्ये राज्याच्या विधिमंडळात मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात होता. त्यांच्या भाषणाने तो वाचला. नंतर संसदेत गुलामगिरी संपवणाऱ्या तेराव्या आणि सर्वांना कायद्याचे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीसाठी ते हिरिरीने झगडले.

१८६८ मध्ये त्यांचे निधन झाले. कृष्णवर्णीयांना मज्जाव नसलेली लँकेस्टरमधील साधी दफनभूमी त्यांनी स्वतःसाठी निवडली होती. तसे करण्याचे कारणही त्यांच्याच इच्छेनुसार समाधीवर कोरलेले आहे.