फेणीला इंग्रजीत काय म्हणावे?

भाषांतर शब्दांचे नव्हे, अर्थाचे करावयाचे असते, हे तत्त्व सर्वमान्य आहे. तथापि ज्या शब्दांत चव, वास आणि भूमी ही तिन्ही एकत्र नांदतात, तेथे या तत्त्वाची खरी कसोटी लागते. फ्रान्समधील द्राक्षमद्याच्या बाटल्यांवरील मजकूर इंग्रजीत आणणाऱ्यांना ही कसोटी नित्य द्यावी लागते. पेडणे आणि डिचोली या तालुक्यांतील काजूच्या भट्टीवरचा माल जगापुढे मांडताना गोमंतकीयांपुढेही नेमकी तीच अडचण उभी राहते.

फ्रेंच लोक मद्याच्या रंगाला 'रोब' म्हणतात. रोब म्हणजे झगा. 'या मद्याचा झगा गडद तांबडा आहे' असे इंग्रजीत लिहिले तर ग्राहक हसेल; तेथे 'कलर' हा साधा शब्दच योजावा लागतो. 'शार्पांते' या विशेषणाच्या मुळाशी घराच्या लाकडी सांगाड्याची कल्पना आहे. इंग्रजीत त्यासाठी 'भरदार अंगाचे' अशा अर्थाचा शब्दप्रयोग रूढ आहे. 'व्हँ द गार्द' म्हणजे शब्दशः राखणीचे मद्य. त्याचा आशय एवढाच, की काही वर्षे ठेवल्याने त्याची गोडी वाढते. मात्र 'टेरवार' हा शब्द इंग्रजीने जसाच्या तसा उचलला. माती, उतार, हवामान आणि तेथील माणसांची परंपरा, हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असल्याने त्याला दुसरा शब्द पुरा पडत नाही.

यावरून दोन नियम निघतात. जो शब्द वर्णन करतो, त्याचे भाषांतर वाचकाच्या नित्याच्या बोलीत करावे. जो शब्द नाव आहे, तो तसाच ठेवून त्याचा अर्थ शेजारी उलगडून सांगावा.

आता गोव्याकडे वळू. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणले आणि येथील डोंगरउतारांवर ते रुजले. उन्हाळ्यात बोंडू पिकून गळतात. ते तुडवून गराचा ढीग वेलीने बांधतात व वर दगडाचा भार ठेवतात. त्यातून जो स्वच्छ गोड रस पाझरतो, तो नीरो. तुडवलेला रस आंबवून भाणात घालून पहिल्यांदा ऊर्ध्वपातन केले, की सौम्य हुर्राक मिळतो. हुर्राकात पुन्हा आंबवलेला रस मिसळून दुसऱ्यांदा काढलेली कडक ती फेणी. तिच्या कडकपणाचे माप आजही 'ग्राव' या पोर्तुगीज वळणाच्या शब्दाने सांगतात.

या शब्दांत मराठी वाचकासही चकवे आहेत. नीरो म्हटले की महाराष्ट्रातील माणसास ताडामाडाची नीरा आठवते. फेणी म्हणताच तांदळाच्या फेण्या किंवा सुतरफेणी डोळ्यांपुढे येते. माडापासून काढलेल्या 'सूर' या पेयाचा उल्लेख वाचून एखादा संगीतप्रेमी गोंधळला, तर त्याचा दोष नाही. जेथे भगिनीभाषांत एवढे अंतर, तेथे इंग्रजीची कथा काय!

इंग्रजीत फेणीस कोणी 'काजूची वाइन' म्हणतात. ते सपशेल चूक आहे, कारण वाइन केवळ आंबवलेली असते आणि फेणी ऊर्ध्वपातित असते. 'काजूची ब्रँडी' हे शास्त्रदृष्ट्या त्याहून जवळचे. परंतु त्याने फेणी दुसऱ्या कोणाची तरी नक्कल ठरते. सर्वांत अधिक हानी केली ती 'कंट्री लिकर' या कायद्याच्या भाषेतील शब्दाने. या दोन शब्दांनी गावच्या कसबाला 'गावठी दारू'च्या रांगेत बसवले. वर्गीकरणातील असा शब्द केवळ शब्द राहत नाही. परवाने, कर, परराज्यातील विक्री आणि ग्राहकाच्या मनातील प्रतिष्ठा ही सर्व त्याच्यामागून येतात.

हा शब्द बदलण्यास काळ लागला. 2009 साली काजूच्या फेणीस भौगोलिक निर्देशांकाची नोंद मिळाली आणि 'फेणी' हे नाव गोव्याच्या भूमीशी कायद्याने जोडले गेले. फ्रान्सने मूळ प्रदेशाच्या नावांची नियंत्रित व्यवस्था 1935 सालीच उभारली होती. शॅम्पेन प्रांताबाहेरच्या फेसाळ मद्यास तेथे शॅम्पेन म्हणता येत नाही, तोच हा न्याय. पुढे 2016 साली गोव्याच्या अबकारी कायद्यात दुरुस्ती होऊन फेणीस 'हेरिटेज स्पिरिट', म्हणजे वारशाचे मद्य, असा दर्जा मिळाला. पेय तेच, भट्टी तीच; बदलले ते भाषांतर.

तेव्हा बाटलीवरील इंग्रजी मजकूर लिहिणाऱ्याने काय करावे? फेणी, हुर्राक, नीरो ही नावे तशीच ठेवावीत. त्यांपुढे एकेका साध्या वाक्यात कृती सांगावी: कोणते फळ, किती वेळा ऊर्ध्वपातन, कोणत्या ऋतूत. उग्र वासाला सुगंधी फुलांची उसनी विशेषणे लावू नयेत. ज्याला पिकल्या बोंडूचा वास येतो, त्याला तसेच म्हणावे. ग्राहक फसवणूक ओळखतो, आणि अपरिचित पण खऱ्या शब्दाशी लवकरच मैत्री करतो. फ्रेंचांच्या 'टेरवार'ने इंग्रजीत घर केले ते असेच. पेडण्या-डिचोलीच्या डोंगरांवर बोंडू वेचणाऱ्या हातांच्या श्रमाचे मोल, पुष्कळ अंशी, त्या मालाचे नाव जगापुढे कसे उच्चारले जाते यावर अवलंबून आहे.