नागरिकत्व देतं कोण आणि मानतं कोण?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना दोन-तीन ठिकाणी माझी गाडी घसरली होती, तेवढं इथे दुरुस्त केलंय.

विषय कुठून आला ते आधी सांगतो. माझ्या टीममध्ये म्हापशाचा एक मुलगा आहे. मागच्या महिन्यात चहाच्या टपरीवर तो म्हणाला, "माझे आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मले. घरचे म्हणतायत, पोर्तुगालचे पेपर कर. आजोबांवरून बाबांचे होतील, बाबांवरून माझे. पण मग मी आत्ता नक्की कोण आहे? दोन्ही?"

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. माझ्या डोक्यात पहिल्यांदा हेच आलं की कुठेतरी एक मुख्य डेटाबेस असणार. संयुक्त राष्ट्रांकडे वगैरे. त्यात माणसाचं नाव आणि पुढे देश. बघितलं की कळलं.

तसं काही नाहीये. जगात कुणाकडेच अशी यादी नाही. प्रत्येक देश आपापली यादी ठेवतो, आपापल्या नियमांनी. १९३० साली हेगमध्ये राष्ट्रीयत्वाच्या कायद्यांबद्दल एक करार झाला, त्याचं पहिलंच कलम साधारण असं आहे: आपले नागरिक कोण, हे प्रत्येक देश स्वतःच्या कायद्याने ठरवील. इतर देशांनी ते मान्य करावं, पण आंतरराष्ट्रीय करार, प्रथा आणि नागरिकत्वाबाबत सर्वसाधारणपणे मानली जाणारी तत्त्वं यांच्याशी ते जुळत असेल तरच. म्हणजे देणं एकाचं काम आणि मानणं दुसऱ्याचं. सगळी गंमत आणि सगळा त्रास या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत आहे.

त्या फटीत अडकलेला सगळ्यात प्रसिद्ध माणूस म्हणजे फ्रीडरिश नोटेबोम. जन्म १८८१, हॅम्बुर्ग. नागरिकत्व जर्मन. १९०५ मध्ये तो मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालाला गेला, तिथे धंद्यात जम बसवला आणि तिथलाच झाला, फक्त कागदावर नाही. १९३९ च्या सप्टेंबरमध्ये हिटलरने पोलंडवर हल्ला केला. पुढच्याच महिन्यात नोटेबोमने लिश्टेनश्टाइनकडे नागरिकत्वासाठी अर्ज केला. लिश्टेनश्टाइन म्हणजे स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रियाच्या मध्ये बसलेला चिमुकला देश. याचा भाऊ तिथे राहायचा, बाकी संबंध जवळजवळ शून्य. कायद्यात तीन वर्षं वास्तव्याची अट होती, त्यातून सूट मिळाली. माउरेन नावाच्या गावाला २५,००० स्विस फ्रँक, सरकारला १२,५००, वर सालाना कर. २० ऑक्टोबरला शपथ. जर्मन नागरिकत्व गेलं, आणि १९४० च्या सुरुवातीला गडी नव्या पासपोर्टवर ग्वाटेमालाला परत. आता आपण तटस्थ देशाचे, युद्धाशी आपला काय संबंध, असा हिशेब.

ग्वाटेमालाने तो हिशेब मानला नाही. १९४१ च्या डिसेंबरमध्ये तो देश युद्धात उतरला. १९४३ मध्ये नोटेबोमला शत्रूदेशाचा माणूस म्हणून पकडून अमेरिकेच्या ताब्यात दिलं, १९४६ पर्यंत तो तिथल्या छावणीत होता. नंतर ग्वाटेमालाने त्याची मालमत्ताही जप्त केली. १९५१ मध्ये लिश्टेनश्टाइनने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला: हा आमचा नागरिक, याच्यावर अन्याय झालाय.

६ एप्रिल १९५५ चा निकाल, ११ विरुद्ध ३. आता नीट ऐका, म्हणजे वाचा. न्यायालयाने नागरिकत्व रद्द केलं नाही. ते म्हणालं, लिश्टेनश्टाइनने कुणाला आपलं म्हणायचं हा त्यांचा प्रश्न. पण त्या नागरिकत्वाच्या जोरावर दुसऱ्या देशाला जाब विचारायचा असेल, तर माणसाचं त्या देशाशी खरं नातं दिसलं पाहिजे: राहणं, कुटुंब, धंदा, जीव कुठे गुंतलाय ते. इथे ते दिसत नाही, म्हणून दावा ऐकूनच घेतला नाही. मालमत्ता घेणं बरोबर होतं की चूक, यावर एक शब्दही नाही.

मला वैयक्तिकरीत्या हा निकाल पटत नाही. जर्मनी सुटलं, ग्वाटेमालाचा तो कधीच नव्हता, आणि ज्याचा होता त्याला बोलायची परवानगी नाही. मग या माणसासाठी भांडायचं कुणी? माझं सोडा, आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने २००६ मध्ये परदेशात आपल्या नागरिकांना संरक्षण देण्याबद्दलचा मसुदा केला, तेव्हा त्यातही खऱ्या नात्याची अट घातली नाही. ती लावली तर जगभरात विखुरलेल्या लाखो लोकांच्या पाठीशी कुणीच उरणार नाही. पैसे घेऊन नागरिकत्व देण्याचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये युरोपियन युनियनच्या न्यायालयाने माल्टाची गुंतवणूक करा आणि नागरिक व्हा ही योजना बेकायदेशीर ठरवली.

आता उलटी बाजू. दोन याद्यांत नाव असलेली माणसं आपण बघतो, पण एकाही यादीत नाव नाही असं होतं का? होतं, आणि आपल्या शेजारी झालंय. २००८ च्या जानेवारीत गुजरातमधल्या आणंदला एका भारतीय सरोगेट आईच्या पोटी जुळी मुलं जन्मली. वडील जर्मन. जर्मनीचा कायदा सरोगसी मानत नाही, म्हणून मुलं जर्मन नाहीत. भारताने विचारलं, आई-वडील दोघंही जर्मन, तर मुलं भारतीय कशी? पासपोर्ट कुणीच देईना. २००९ मध्ये गुजरात उच्च न्यायालय म्हणालं की जन्म देणारी बाई भारतीय आहे, म्हणून मुलं भारतीय. केंद्र सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. वाट निघायला २०१० उजाडलं. तोवर ती पोरं चालायला लागली असतील. प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे असं १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात, १५ व्या कलमात लिहिलंय. फक्त तो कुठल्या देशाने द्यायचा, ते लिहिलेलं नाही. ही फट बुजवण्यासाठी १९६१ चा एक करार आहे, आपल्या भूमीवर जन्मलेलं मूल बिनदेशाचं राहणार असेल तर त्याला नागरिकत्व द्या असं सांगणारा. भारत त्यात सामील नाही.

आणि भारतात जन्मलो म्हणजे भारतीय, असं समजत असाल तर थांबा. ते १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेल्यांसाठी. त्या दिवसापासून आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय लागतं. ३ डिसेंबर २००४ पासून दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको. तुमच्यातले बरेच जण मधल्या गटातले असणार. मीही. माझ्या जन्मदाखल्याने माझं भारतीयत्व सिद्ध होत नाही, हे मला हा भाग करताना कळलं. आईला फोन करून तिचा दाखला कुठे आहे ते विचारलं. ती म्हणाली, "आता काय झालं?"

असो. म्हापशाकडे येऊ. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ मध्ये भारत सरकारने आदेश काढला: जे स्वतः, किंवा ज्यांचे आई-वडील वा आजी-आजोबा २० डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मले, ते त्या दिवसापासून भारतीय. नको असेल तर महिन्याभरात लेखी कळवा. काहींनी कळवलं. एका गोमंतकीय धर्मगुरूंनी पोर्तुगीज नागरिकत्व ठेवलं, पुढे राहण्याच्या परवान्यावरून त्यांच्यावर परकीय नागरिक म्हणून खटला झाला आणि १९६९ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयातही हरले. स्वतःच्याच गावात परदेशी.

पोर्तुगालने मात्र आपल्या यादीतून जुनी नावं खोडली नाहीत. गोव्यावरचा भारताचा हक्क त्यांनी १९७४ च्या शेवटी करार करून मान्य केला, पण त्यांच्या राज्यात जन्मलेले ते आमचेच, ही भूमिका ठेवली. म्हणून लिस्बनला जन्मनोंद करायची वाट उघडी राहिली, आणि ब्रेक्झिटच्या आधी कितीतरी गोवेकर त्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला जाऊन राहिले.

माझ्या मित्राची खरी पंचाईत इथे आहे. पोर्तुगालच्या नजरेत तो नागरिकत्व नव्याने मिळवत नाहीये, आजोबांपासून चालत आलेलं फक्त नोंदवतोय. आपलं संविधान, कलम ९, म्हणतं की स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व मिळवलं की भारतीयत्व गेलं. नागरिकत्व कायद्याच्या ९ व्या कलमातही तेच, आणि नियमांनुसार परदेशी पासपोर्ट घेणं हाच त्याचा पुरावा. एकच कागद, तिकडे जुनी नोंद आणि इकडे नवा निर्णय. नुसती जन्मनोंद झाली, पासपोर्ट घेतलाच नाही, तर काय? यावरून गोव्यात आमदारांपर्यंत वाद गेलेत. नंतर ओसीआय कार्ड मिळू शकतं, पण नावात सिटिझन असलं तरी ते नागरिकत्व नाही. मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही.

म्हणून त्याच्या "दोन्ही?" ला माझं उत्तर होतं: आत्ता भारताच्या यादीत आहेस. लिस्बनला नोंद केलीस तर त्यांच्या यादीतही येशील, पण मग आपल्या यादीतलं नाव टिकेल याची खात्री कुणी देणार नाही. अर्ज करण्याआधी वकील गाठ, एजंट नको.

त्याने घरी आजोबांना विचारलं, ६२ साली तुम्ही काय लिहून दिलंत? आजोबा म्हणाले, "काहीच नाही. भाताची कामं होती."

अर्ज अजून टेबलावरच आहे. तुमच्या घरात असा काही किस्सा असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ.