खोल शिरेतील गुठळी : निदान कोणत्या चाचणीने?

लांबचा प्रवास, मोठी शस्त्रक्रिया किंवा दीर्घकाळ अंथरुणाला खिळून राहणे यांमुळे पायाच्या खोल शिरांतील रक्तप्रवाह मंदावतो व तेथे गुठळी होण्याचा संभव वाढतो. ती सुटून फुप्फुसात पोहोचल्यास जिवावर बेतू शकते. मात्र केवळ पाय पाहून निदान करता येत नाही. पोटरीची सूज व वेदना स्नायू दुखावल्यानेही उद्भवतात.

म्हणून डॉक्टर प्रथम शक्यतेचा अंदाज घेतात. त्यासाठी कॅनडातील डॉ. फिलिप वेल्स व सहकाऱ्यांची १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली गुणपद्धती उपयोगी पडते. कर्करोग, पायाला नुकतेच घातलेले प्लास्टर, दुसऱ्या पोटरीपेक्षा ३ सेंटिमीटरहून अधिक घेर अशा बाबींना प्रत्येकी १ गुण असतो. अन्य आजार तितकाच संभवनीय असल्यास २ गुण वजा होतात.

शक्यता कमी असल्यास ‘डी-डायमर’ ही रक्तचाचणी करतात. गुठळी विरघळताना रक्तात येणारा प्रथिनाचा अंश तीत मोजला जातो. तो अल्प असल्यास गुठळी नाही, असे बहुधा मानता येते. परंतु गर्भारपण, जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया किंवा उतारवय यांतही तो वाढतो. त्यामुळे वाढलेला आकडा म्हणजे गुठळीचा पुरावा नव्हे.

शक्यता अधिक असल्यास किंवा डी-डायमर वाढलेले आढळल्यास सोनोग्राफी करतात. यंत्राच्या दाबाने निरोगी शीर मिटते; गुठळी असलेली पूर्णपणे मिटत नाही. या तपासणीत क्ष-किरण नसतात. मांडीतील व गुडघ्यामागील गुठळ्या तीत विश्वसनीयपणे दिसतात. पोटरीतील लहान गुठळी मात्र निसटू शकते. म्हणून शंका कायम असल्यास सुमारे आठवड्याने तपासणी पुन्हा करतात.

पावलाच्या शिरेत रंगद्रव्य टोचून क्ष-किरण छायाचित्रे घेण्याची व्हेनोग्राफी पूर्वी प्रमाण मानली जाई. ती वेदनादायक असून रंगद्रव्याची ॲलर्जी व मूत्रपिंडाला अपाय यांचा धोका असल्याने आज क्वचितच करतात. ओटीपोटातील शिरांसाठी सीटी किंवा एमआर तपासणीचा आधार घेता येतो.

तात्पर्य, कोणतीही एक चाचणी सर्वांसाठी श्रेष्ठ नाही. निदानाची खात्री त्यांच्या योग्य क्रमातून येते. त्यामुळे केवळ रक्ताच्या अहवालावरून स्वतःच निष्कर्ष काढू नये. एकाच पायावर अचानक सूज आल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, पाय चोळू नये. आणि धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त पडणे यांपैकी काहीही जाणवल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.