घरच्या व्यायामयंत्राची खरेदी : दुकानदाराची टोलवाटोलवी आणि ग्राहकाचे हक्क

ट्रेडमिल, व्यायामाची सायकल, क्रॉस ट्रेनर किंवा मल्टिजिम ही यंत्रे आता केवळ व्यायामशाळांपुरती मर्यादित राहिलेली नाहीत. २५ मार्च २०२० पासून लागू झालेल्या टाळेबंदीत देशभरातील व्यायामशाळा बंद झाल्या. केंद्र सरकारने ५ ऑगस्ट २०२० पासून त्या उघडण्यास अनुमती दिली. महाराष्ट्रात मात्र त्यांची दारे दसऱ्याच्या दिवशी, २५ ऑक्टोबर रोजी उघडली. या काळात अनेक कुटुंबांनी व्यायामाची सोय घरातच करून घेतली. टाळेबंदी संपली तरी ही खरेदी थांबलेली नाही आणि तिच्याबरोबर येणारी एक जुनी तक्रारही कायम आहे. यंत्र विकताना अगत्याने बोलणारा दुकानदार, यंत्र बंद पडल्यावर फोन उचलत नाही, ही ती तक्रार होय.

ही खरेदी मिक्सर किंवा पंखा घेण्यासारखी नसते. यंत्राची किंमत काही हजारांपासून लाखाच्या पुढे जाते आणि बहुतेक कुटुंबे ते आयुष्यात एकदाच घेतात. पुष्कळदा त्यामागे वैद्यकीय कारण असते. हृदयविकारातून बरे होत असलेल्या किंवा मधुमेह असलेल्या व्यक्तीला डॉक्टरांनी नियमित चालण्याचा सल्ला दिलेला असतो. घराजवळ मैदान नसते, रस्त्यांना पदपथ नसतात आणि मग निवृत्तिवेतनातून वा हप्त्यांवर यंत्र घरी येते. असे यंत्र दुसऱ्या महिन्यात बंद पडून कोपऱ्यात उभे राहते तेव्हा केवळ पैसे अडकत नाहीत, उपचारातही खंड पडतो. (चालू स्थितीतील यंत्रांवरही कालांतराने टॉवेल वाळत घातले जातात हे खरे, पण तो दोष दुकानदाराचा नव्हे.)

सेवा कमी पडण्याचे मूळ विक्रीच्या साखळीत आहे. भारतात मेरठ आणि जालंधर ही क्रीडा साहित्याच्या निर्मितीची जुनी केंद्रे आहेत. तथापि घरगुती वापराच्या ट्रेडमिल मोठ्या प्रमाणावर चीन व तैवानमधून आयात होतात आणि येथील व्यापारी नावाने विकल्या जातात. आयातदार, वितरक आणि शेवटी गावातील दुकान असा त्यांचा प्रवास असतो. दुरुस्तीचे काम बहुधा आणखी एखाद्या चौथ्याच व्यक्तीकडे, कंत्राटी तंत्रज्ञाकडे असते. ग्राहकाचा संबंध फक्त दुकानाशी येतो, परंतु सुट्या भागांचा साठा आणि तंत्रज्ञ दोन्ही दुकानदाराच्या हाती नसतात. लहान शहरातील दुकानदाराची ही अडचण खरी आहे. मात्र विक्रीच्या वेळी तो ती सांगत नाही. त्या वेळी ‘सर्व्हिस आमचीच, काळजी करू नका’ असे आश्वासन दिले जाते. बिघाडानंतर ‘आम्ही फक्त विकतो, कंपनीशी बोला’ असे उत्तर मिळते. कंपनी पुन्हा दुकानाकडे बोट दाखवते.

या टोलवाटोलवीचे बीज विक्रीच्या गल्ल्यावरच पेरले जाते. ट्रेडमिलच्या मोटारीची शक्ती हे त्याचे उत्तम उदाहरण ठरावे. अनेक यंत्रांवर ‘४ हॉर्सपॉवर’, ‘६ हॉर्सपॉवर’ असे ठळक आकडे असतात. एक हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ७४६ वॅट. घरातील मोठे, १६ अँपिअरचे सॉकेट २३० व्होल्ट दाबाला जास्तीत जास्त ३,६८० वॅट, म्हणजे जेमतेम पाच हॉर्सपॉवर इतकी वीज देऊ शकते. लहान, ६ अँपिअरचे सॉकेट तर १,३८० वॅटच्या पुढे जात नाही. याचा अर्थ, घरातील सॉकेटवर चालणारी मोटार सलगपणे सहा हॉर्सपॉवर देणे शक्यच नाही. तो आकडा क्षणिक कमाल शक्तीचा, म्हणजे ‘पीक’ असतो. धावणाऱ्याच्या उपयोगाचा आकडा ‘कंटिन्युअस’ शक्तीचा असून तो पुष्कळ कमी असतो आणि अनेकदा माहितीपत्रकात बारीक अक्षरांत दिलेला असतो. वापरकर्त्याच्या कमाल वजनाबाबतही हेच घडते. ९५ किलो वजनाच्या माणसाला ‘शंभरपर्यंत चालते’ म्हणून हलके यंत्र दिले जाते आणि मोटार जळाली की ‘वजन जास्त होते’ हे कारण पुढे येते.

यंत्र घरी येताना दुसरा पेच निर्माण होतो. ट्रेडमिलचे खोके साठ-सत्तर किलोंचे, क्वचित त्याहून जड असते. ते तळमजल्यावर ठेवून टेम्पो परत जातो, कारण पोहोचवणे म्हणजे दारापर्यंत की घरापर्यंत हे पावतीवर लिहिलेले नसते. जोडणीसाठी तंत्रज्ञ ‘उद्या’ येणार असतो. हा उद्या कधी कधी दोन आठवड्यांनी उजाडतो. दरम्यान घरातील मंडळी स्वतःच नटबोल्ट आवळतात आणि पुढे तीच गोष्ट वॉरंटी नाकारण्यास पुरेशी ठरवली जाते. दुकानात प्रदर्शनासाठी ठेवलेले, शेकडो लोकांनी चालून पाहिलेले यंत्र नवे म्हणून दिले गेल्याच्या तक्रारीही होत असतात. यंत्राच्या सांगाड्यावरील अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्डावरील अनुक्रमांक तंत्रज्ञासमोरच जुळवून पाहणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. खोके उघडताना काढलेले छायाचित्रही पुढे उपयोगी पडते.

बिघाडानंतर ऐकू येणारी कारणे ठरावीक आहेत : विजेचा दाब कमी-जास्त झाला, अर्थिंग नव्हते, स्टॅबिलायझर बसवला नाही, पट्ट्याखाली सिलिकॉन तेल घातले नाही, दमट हवेने गंज धरला. यांपैकी काही कारणे तांत्रिकदृष्ट्या रास्त आहेत. पट्टा आणि त्याखालील फळी यांच्यामध्ये तेल नसल्यास घर्षण वाढते, मोटार अधिक वीज ओढते आणि तिचे नियंत्रण करणारे सर्किट तापून निकामी होऊ शकते. मुंबई, कोकण आणि गोव्याच्या हवेत लोखंडी भाग लवकर गंजतात, हेही कोणी नाकारणार नाही. प्रश्न आहे तो ही माहिती ग्राहकाला केव्हा दिली, याचा. तेल किती महिन्यांनी घालावे, स्टॅबिलायझर अनिवार्य आहे काय, हे विक्रीच्या वेळी सांगितलेच नसेल, तर बिघाडानंतर ते कारण पुढे करणे न्याय्य म्हणता येणार नाही. ‘तीन वर्षांची वॉरंटी’ हा शब्दप्रयोगही तपासून घ्यावा लागतो. पुष्कळदा ती केवळ मोटारीवर वा सांगाड्यावर असते. सर्किट, पट्टा आणि तंत्रज्ञाची मजुरी यांना वेगळी, बरीच कमी मुदत असते किंवा मुळीच नसते.

कायद्याची स्थिती मात्र ग्राहकाला वाटते त्यापेक्षा त्याच्या बाजूची आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, १९८६ ची जागा घेणारा २०१९ चा अधिनियम २० जुलै २०२० पासून अंमलात आला. सदोष वस्तू आणि सेवेतील त्रुटी या दोन्हींबद्दल त्यानुसार तक्रार करता येते. यंत्र चांगले असूनही जोडणी वा दुरुस्तीस आश्वासनाप्रमाणे कोणी आले नाही, तर ती सेवेतील त्रुटी ठरू शकते. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही पावतीवरील सुपरिचित ओळ सदोष वस्तूच्या बाबतीत ग्राहकाला अडवू शकत नाही. अशी अट ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने १९९९ मध्येच राज्यांना कळवले होते. नव्या अधिनियमाच्या कलम २(४७) मध्ये ते अधिक स्पष्ट झाले आहे : सदोष वस्तू परत घेऊन पैसे देण्यास पावतीवरील मुदतीत, आणि तशी मुदत नसल्यास तीस दिवसांत, नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय. पावती देण्याचे टाळणे हेही याच सदरात येते. कच्च्या कागदावर किंमत लिहून ‘बिल हवे तर कर वेगळा’ असे सांगणारा दुकानदार म्हणजे दोन ठिकाणी नियम मोडणारा दुकानदार समजावा.

येथे एक मर्यादा लक्षात घ्यावी लागते. खोलीत मावत नाही, आवाज आवडला नाही किंवा उत्साह मावळला, ही कारणे दोष या व्याख्येत बसत नाहीत. अशा वेळी यंत्र परत घेणे हा दुकानदाराच्या मर्जीचा भाग असतो.

दुकान की कंपनी, या प्रश्नाचे व्यावहारिक उत्तर ‘दोन्ही’ असे आहे. तक्रारीत विक्रेता आणि उत्पादक वा आयातदार या सर्वांना पक्षकार करता येते आणि तसे करणेच श्रेयस्कर असते. अन्यथा सुनावणीत प्रत्येक जण अनुपस्थित असलेल्यावर दोष ढकलतो. यंत्रामुळे इजा झाल्यास उत्पादन दायित्वाच्या तरतुदी लागू होतात. कलम ८६ नुसार विक्रेत्याने जोडणी, तपासणी वा देखभालीत वाजवी काळजी घेतली नसेल, उत्पादकाने दिलेल्या सूचना ग्राहकापर्यंत पोहोचवल्या नसतील, स्वतःची वेगळी हमी दिली असेल किंवा उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर विक्रेताही जबाबदार ठरू शकतो.

इजेचा मुद्दा दूरचा नाही. अमेरिकेत पेलोटन कंपनीच्या ‘ट्रेड प्लस’ या ट्रेडमिलच्या मागील भागाखाली ओढले जाण्याच्या सत्तरहून अधिक घटनांची नोंद झाली आणि एका बालकाचा मृत्यू झाला. तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये इशारा दिला. कंपनीने आधी तो अमान्य केला. ५ मे २०२१ रोजी मात्र सुमारे सव्वा लाख यंत्रे परत मागवली. जानेवारी २०२३ मध्ये तिने एक कोटी ९० लाख डॉलरहून अधिक दंड भरण्याचे मान्य केले. भारतात धोकादायक वस्तू परत मागवण्याचा आदेश देण्याचे अधिकार जुलै २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहेत. घरात लहान मुले असतील तर कपड्याला अडकवायची सुरक्षा किल्ली यंत्राबरोबर आली आहे की नाही, आणि ती ओढताच पट्टा थांबतो की नाही, हे तंत्रज्ञ निघण्यापूर्वीच पाहणे इष्ट.

तक्रारीची वाट दुकानापासूनच सुरू होते. परिसरातील दुकानदार ओळखीचा असतो, सणावाराला भेटतो, म्हणून बहुतेक ग्राहक महिनोन्‌महिने तोंडी विनवण्या करत राहतात. या काळात वॉरंटीची मुदत सरत असते. पहिल्याच बिघाडानंतर दिनांक, यंत्राचा अनुक्रमांक आणि दोषाचे वर्णन असलेला ईमेल किंवा नोंदणीकृत पत्र दुकान व कंपनी या दोघांनाही पाठवल्यास ओळख तुटत नाही आणि पुरावा उभा राहतो. यंत्र हप्त्यांवर घेतले असल्यास रागाच्या भरात हप्ते थांबवू नयेत. कर्ज देणारी संस्था वेगळी असते आणि थकबाकीची नोंद ग्राहकाच्याच नावावर चढते.

उत्तर न मिळाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतूनही तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइन निवाडा देत नाही, कंपनीशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. तेवढ्याने न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असलेली प्रकरणे तेथे चालतात आणि पाच लाखांपर्यंत कोणतेही शुल्क नाही. घरगुती यंत्रे जवळपास सर्वच या मर्यादेत येतात. वकील सक्तीचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या दाखल करता येते.

बदलीमुळे वा नोकरीमुळे राज्य बदलणाऱ्या कुटुंबांसाठी २०१९ च्या अधिनियमातील एक बदल विशेष महत्त्वाचा आहे. पूर्वी तक्रार विक्रेत्याच्या किंवा व्यवहाराच्या ठिकाणी करावी लागे. आता तक्रारदार राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगाकडेही ती करता येते. पुण्यात ट्रेडमिल घेऊन भोपाळ वा हैदराबादला गेलेल्या कुटुंबाला तारखांसाठी पुण्याला खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही. शिवाय खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच असते. बंगळूरुतील मुलाने नागपूरच्या वडिलांसाठी यंत्र घेतले, तर वडिलांना नागपुरात तक्रार करता येते.

व्यावसायिक हेतूने केलेली खरेदी मात्र या संरक्षणाबाहेर आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये याचा ऊहापोह केला होता. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेले यंत्र या अपवादात मोडत नाही. घरगुती वापराचे यंत्र घेऊन त्यावर शुल्क आकारून शिकवण्या घेणाऱ्यांनी आणखी एक अट वाचावी : अनेक कंपन्यांची घरगुती वॉरंटी अशा वापराने रद्द होते.

दोष सिद्ध झाल्यास आयोग दुरुस्ती, बदली यंत्र, पैशांचा परतावा आणि नुकसानभरपाई यांचा आदेश देऊ शकतो. तो न पाळल्यास कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा किमान २५ हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तक्रारीचा निकाल शक्यतो तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी आवश्यक असल्यास पाच महिन्यांत लागावा, असे अधिनियम म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात. सदोष यंत्र तोवर भंगारात देऊ नये किंवा परक्या मेकॅनिककडून उघडून घेऊ नये, कारण तज्ज्ञाच्या तपासणीची वेळ आल्यास यंत्र हाच मुख्य पुरावा असतो. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. ‘माणूस पाठवतो’ या दुकानदाराच्या तोंडी वायद्यांवर विसंबून ही मुदत वाढत नाही.