लेसर किरणांनीं लोखंड कठीण करणें व सांधणें

बीं, खत आणि पाणी यांच्या बरोबरीनें हल्लीं शेतकऱ्याचा पैसा लोखंडांतही जातो. नांगराचा फाळ, रोटाव्हेटरचीं पातीं, पंपाचा आंस, ट्रॉलीचे सांधे हीं सर्व झिजणारीं किंवा तुटणारीं आहेत. आणि कृष्णा-पंचगंगेच्या कांठच्या आमच्या कुरुंदवाडकडील काळ्या जमिनींत उसाची मशागत करणाऱ्यांस याचा अनुभव सांगावयास नको. अलीकडे ‘लेसरनें कठीण केलेलें’ व ‘लेसरनें जोडलेलें’ असे शब्द कानांवर येऊं लागले आहेत. तेव्हां ही विद्या काय आहे, तिचा उपयोग कोठें होतो व कोठें होत नाहीं, याचा विचार करणें अवश्य आहे.

प्रथम जुनी रीत पाहूं. लोहार फाळ भट्टींत लाल करून पाण्यांत बुडवितो, त्यास आपण पाणी देणें म्हणतों. पोलाद म्हणजे थोडा कर्ब मिसळलेलें लोखंड. तें सुमारें ८०० ते ९०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें म्हणजे तो कर्ब लोखंडांत विरघळून जातो. मग तें एकाएकीं थंड केल्यास कर्बास बाहेर पडण्यास अवकाश मिळत नाहीं. तो आंतच अडकतो, आंतील घडण ताणली जाते व पोलाद अतिशय कठीण होतें. सावकाश थंड केल्यास तेंच मऊ राहतें. परंतु सबंध वस्तूस पाणी दिलें कीं ती कठीण होते तशी ठिसूळही होते; कित्येकदां वांकते किंवा तिला तडा जातो. आपणांस हवें असतें तें वेगळें: वरची कांत कठीण व गाभा चिवट. हेंच काम लेसर साधतो.

लेसर हा एक विशेष प्रकारचा प्रकाश होय. दिव्याचा उजेड चोहोंकडे पसरतो व त्यांत अनेक रंगांच्या लहरी मिसळलेल्या असतात. लेसरच्या लहरी एकाच लांबीच्या, एकाच दिशेस व पावलास पाऊल जुळवून चालणाऱ्या असतात. म्हणून भिंगानें त्या अत्यंत लहान बिंदूवर एकवटतां येतात. यामागील तत्त्व आइन्स्टाइन यांनीं १९१७ सालीं मांडलें, आणि १६ मे १९६० रोजीं अमेरिकेंत थिओडोर मेमन यांनीं माणकाच्या कांडीपासून पहिला लेसर प्रत्यक्षांत आणला. कारखान्यांतील जड कामास पुरेल असें बळ मात्र कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरनें आलें. त्याचे जनक कुमार पटेल हे १९३८ सालीं आपल्या बारामतीस जन्मले व १९५८ सालीं पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजांतून पदवीधर झाले. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९६४ सालीं त्यांनीं हा लेसर सिद्ध केला. हल्लीं कारखान्यांतून काचेच्या तंतूंत उत्पन्न होणारा ‘फायबर लेसर’ पुष्कळ वापरतात. कारण त्याचा प्रकाश धातु अधिक शोषून घेतो, व लवचिक तंतूंतून तो कामाच्या जागेपर्यंत नेतां येतो.

त्याच्या बळाची कल्पना एका उदाहरणानें येईल. भर दुपारच्या स्वच्छ उन्हांत एक चौरस मीटर जागेवर सूर्याची जवळजवळ एक किलोवॉट शक्ति पडते. तिनें पत्रा हातास चटका देण्याइतका तापतो, इतकेंच. तितकीच शक्ति एका चौरस सेंटिमीटरवर आणली तर लोखंडाचा पृष्ठभाग थोड्याच वेळांत लाल होतो. आणि मोहरीच्या दाण्याहून लहान बिंदूवर आणली तर लोखंड वितळून उकळूं लागतें. पहिलें प्रमाण कठीण करण्याचें, दुसरें सांधण्याचें.

कठीण करावयाचें असतां किरण रुंद ठेवून पृष्ठभागावरून ठराविक वेगानें फिरवितात. वरचा पातळ थर तापतो, पण वितळत नाहीं. त्याखालील सर्व लोखंड थंडच असतें. किरण पुढें सरकतांच तो थंड गाभा वरची उष्णता ओढून घेतो. म्हणजे पाण्यावांचूनच पाणी दिलें जातें. असा कठीण थर सामान्यतः अर्धा ते दीड मिलिमीटर जाड असतो, व वस्तु फारशी वांकत नाहीं. मात्र पोलादांत कर्ब पुरेसा, म्हणजे शेंकडा सुमारें ०.४ किंवा अधिक, पाहिजे. बाजारांतील साध्या मऊ पोलादाच्या पट्टींत तो इतका नसतो. तिला ना पाणी चढत, ना लेसर. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यांत तो असतो, म्हणूनच आपले लोहार त्याचीं हत्यारें करतात.

आतां हिशेब पाहूं. इंजिनाच्या क्रँकशाफ्टची झीज मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात. तेथें एक मिलिमीटरचा कठीण थर म्हणजे दीर्घ आयुष्य होय. फाळाचें टोंक तर बोटबोटभर झिजतें, तेथें तितका थर कितीसा पुरणार? तरीही एक युक्ति आहे. फाळाची एकच बाजू कठीण केली तर दुसरी, मऊ बाजू आधीं झिजते व धार आपोआप पाजळत राहते. याहून जाड थर हवा असेल तर लेसरच्या बिंदूंत कठीण धातूची भुकटी सोडून ती वर वितळवून बसवितात. झिजलेला मोठा व महाग आंस या रीतीनें भरून, पुन्हां घासून मापास आणतां येतो. हैदराबाद येथील चूर्णधातु व नवसाहित्य यांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रांत लेसरनें धातूंवर करावयाच्या अशा प्रक्रियांचा स्वतंत्र विभाग आहे. परंतु स्वस्त फाळासाठीं हा खर्च परवडणें कठीण. त्यास गांवच्या वेल्डरकडून कठीण धातूच्या कांडीचा थर चढविणें बहुधा पुरेसें होतें.

बळकटी आणण्याची आणखी एक रीत आहे. तींत तापविणें मुख्य नसून ठोकणें मुख्य असतें. धातूवर पाण्याचा पातळ पडदा ठेवून लेसरचा अत्यंत अल्प काळाचा झटका देतात. पृष्ठावर क्षणार्धांत स्फोट होतो व त्याचा धक्का धातूंत शिरतो. त्यामुळें वरचा थर दाबलेल्या स्थितींत राहतो आणि बारीक चिरेस तोंड उघडतां येत नाहीं. अमेरिकेंत १९९० नंतरच्या दशकांत बाँबफेकी विमानांच्या इंजिनांचीं पातीं अशा रीतीनें टिकाऊ केलीं गेलीं. ही रीत महाग असल्यामुळें शेतीच्या अवजारांस अद्याप दूरची आहे.

सांधण्याचें तसें नाहीं. हातांत धरून चालविण्याचीं लेसर वेल्डिंगचीं यंत्रें आतां लहान कारखान्यांतही येत आहेत. येथें एकवटलेला किरण धातूंत बारीक खोल छिद्र पाडतो, त्याभोंवतीं धातु वितळतो, व किरण पुढें जातांच छिद्र मिटून सांधा होतो. सांधा अरुंद व नीटस दिसतो, उष्णता थोडी लागते व पातळ पत्रा वांकत नाहीं. दुधाच्या किटल्या, फवारणीच्या टाक्या व स्टेनलेस स्टीलचीं भांडीं यांस ही रीत उत्तम.

परंतु येथेंच सावध राहावयास पाहिजे. दीड किलोवॉटचें असें यंत्र पोलादांत एका बाजूनें सुमारें ३ ते ४ मिलिमीटरच शिरतें. ट्रॉलीचा दांडा, हूक व आंसाचे आधार यांचें लोखंड याहून पुष्कळ जाड असतें. वरून सुबक दिसणारा सांधा आंत जोडलेलाच नसेल, तर उसानें भरलेली ट्रॉली रस्त्यांत सुटून माणसांचे प्राण जावयाचे. तेथें कडा तिरप्या घासून, थरावर थर चढविणारें विजेचें वेल्डिंगच योग्य. शिवाय लेसरला दोन्ही कडा एकमेकींस तंतोतंत चिकटलेल्या व गंज, रंग, तेल यांपासून स्वच्छ लागतात. इंजिनाचें ओतीव लोखंड तर लेसरच्या झपाट्यानें थंड होण्यानें सांध्याशेजारीं ठिसूळ होऊन तडकतें. तें आधीं गरम करून, निकेलच्या कांडीनें सांधून सावकाश निवूं द्यावें.

दुसरा धोका डोळ्यांचा. फायबर लेसरचा किरण डोळ्यांस दिसत नाहीं. पण तो बुबुळांतून आंत जाऊन डोळ्याच्या पडद्यावर एकवटतो व क्षणांत कायमचें अंधत्व आणूं शकतो. चकचकीत धातूवरून उडालेला किरणही तितकाच घातक. नेहमींच्या वेल्डिंगच्या काळ्या कांचेवर विसंबूं नये. त्या लेसरच्या लहरीसाठींच केलेला चष्मा लागतो. काम चालू असतां पाहावयास उभें राहूं नये व मुलांना जवळ नेऊं नये.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर तयार केला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते या भीतीनें शेतकरी तो घेईनात. आज नव्या नांवावर एकदम विश्वास टाकण्याकडे कल आहे. दोन्हीं ठिकाणीं उपाय एकच: विचारून घेणें. लेसरचें काम करून घेण्यापूर्वीं हें लोखंड कोणत्या जातीचें, थर किती जाड, सांधा किती खोल, व हा भाग तुटल्यास कोणाच्या जिवावर बेतेल, हे चार प्रश्न विचारावे. पहिल्या तिहींचें उत्तर कारागिराकडून घ्यावें. चौथ्याचें आपलें आपणच द्यावें, आणि तें गंभीर असेल तर सांध्याच्या सुबकपणावर न भुलतां जुनी, जाड रीतच पत्करावी.