सागरप्रवासांतील बंदरमुक्काम : एक उपेक्षित इतिहाससाधन

केपच्या मार्गानें विलायतेस गेलेल्या हिंदी प्रवाशांच्या ग्रंथांतून लंडनचीं व पॅरिसचीं वर्णनें अभ्यासकांनीं पुष्कळ उचललीं. वाटेंतील बंदरांवर उतरून जें पाहिलें त्याचीं पानें मात्र बहुधा उलटून टाकलीं जातात. तीं पानें कोणत्या मोलाचीं आहेत व कशीं वाचावीं, हें दोन फारसी ग्रंथांच्या आधारें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम मुक्काम कां पडत तें पाहूं. शिडाच्या जहाजास विलायत गांठण्यास पांच-सहा महिने सहज लागत. पिपांतील पाणी नासे, ताजी भाजी व फळें संपत, आणि हिरड्या सुजून माणसास क्षीण करणारा स्कर्व्ही रोग पसरे. डच कंपनीनें १६५२ सालीं केप येथें ठाणें घातलें तें मुळांत जहाजांस पाणी, भाजी व मांस पुरविण्याकरितां. इंग्रज कंपनीनें १६५९ सालीं सेंट हेलेना बेट व्यापिलें त्यांतही हाच हेतु होता. मुक्काम किती दिवसांचा, हें वारा, दुरुस्ती व कप्तानाचा व्यवहार यांवर अवलंबून असे. केप येथें तिकडील हिवाळ्यांत वायव्येचे वारे सुटले म्हणजे टेबल बे धोक्याचा होई. तेव्हां जहाजें फॉल्स बे मध्यें नांगर टाकीत व उतारू खुष्कीनें शहरांत जात.

पहिला ग्रंथ मिर्झा इतिसामुद्दीन याचा 'शिगर्फनामा-इ-विलायत'. हा नदिया जिल्ह्यांतील मुनशी १७६६ च्या आरंभीं, शहाआलम बादशहाचें पत्र तिसऱ्या जॉर्जकडे जावयाचें म्हणून, कप्तान स्विंटनबरोबर निघाला व फ्रान्सांत नांत बंदरीं उतरला. वाटेंत मॉरिशस येथें त्यास बंगालकडील मुसलमान खलाशी भेटले. राजदरबारच्या कागदांत या खलाश्यांस स्थान नाहीं. कंपनीच्या दप्तरांत ते बहुतकरून केवळ संख्येनें येतात. बंदरावर उतरलेला त्यांचाच देशबंधु त्यांच्याशीं बोलतो, तेव्हां ते माणसें म्हणून दिसतात.

दुसरा ग्रंथ मिर्झा अबू तालिब खान याचा 'मसीर-इ-तालिबी'. लखनौ येथें १७५२ सालीं जन्मलेला हा गृहस्थ फेब्रुवारी १७९९ मध्यें कलकत्त्याहून डॅनिश जहाजांतून निघाला. निकोबार बेटांवर जहाज थांबलें असतां कांहीं खलाशी पळून गेले, अशी नोंद तो करितो. पुढें केप येथें मोठा मुक्काम पडला. तें ठाणें इंग्रजांनीं १७९५ सालीं डचांपासून घेतलें होतें. म्हणजे त्यानें पाहिलें तें इंग्रजी अमलाखालचें डच शहर होय. गुलामांशीं डचांची वागणूक किती निष्ठुर होती हें तो स्पष्ट लिहितो, व तेथें मालमत्ता बाळगून असलेले धर्मनिष्ठ मुसलमान भेटल्याचेंही सांगतो. हें विधान वरवर साधें दिसतें. परंतु त्या वसाहतींत सर्व धर्मांस उघड उपासनेची कायदेशीर मोकळीक १८०४ सालीं मिळाली, हें ध्यानांत घेतल्यास त्यापूर्वी ५ वर्षांची ही साक्ष किती महत्त्वाची आहे तें कळून येईल. ती देणारा ना तेथील सत्ताधीश, ना तेथील प्रजा.

अशा पानांस तीन कसोट्या लावाव्या. पहिली, काळाची : हिजरी तारखा इसवी सनाशीं ताडून जहाजाच्या रोजनिशीशीं मेळवाव्या. कंपनीच्या जहाजांच्या रोजनिश्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. पण अबू तालिबाचें पहिलें जहाज डॅनिश, म्हणून तेथें शोध करण्यांत अर्थ नाहीं. दुसरी, प्रत्यक्षाची : पाहिलेलें कोणतें व यजमानानें किंवा कप्तानानें सांगितलेलें कोणतें, हें निवडावें. तिसरी, स्मृतीची : इतिसामुद्दीनानें आपला ग्रंथ प्रवासानंतर सुमारें दीड तपानें लिहिला, अबू तालिबानें १८०३ सालीं परतल्यावर लवकरच. दोघांच्या तपशिलास सारखें वजन देतां येत नाहीं.

येथेंच हस्तलिखितांचें महत्त्व येतें. अलेक्झांडरनें १८२७ सालीं प्रसिद्ध केलेलें 'शिगर्फनाम्या'चें भाषांतर संक्षिप्त आहे. स्टुअर्टनेंही १८१० च्या भाषांतरांत 'मसीर'चे कांहीं भाग गाळले. 'मसीर'चा मूळ फारसी पाठ १८१२ सालीं कलकत्त्यास छापला गेला. इंग्रजीवरच विसंबणारा अभ्यासक भाषांतरकाराच्या आवडीनिवडीचा बंदा होतो.

१८३० सालीं 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली, १८३९ सालीं इंग्रजांनीं एडन घेतलें, १८६९ सालीं कालवा खुला झाला. पाण्याच्या जागीं कोळसा हें थांबण्याचें मुख्य कारण झालें आणि केप व सेंट हेलेना हिंदी प्रवाशाच्या वाटेवरून दूर पडलीं. अर्थात् त्या मुक्कामांची हिंदी साक्ष सुमारें एका शतकाचीच, व म्हणूनच दुर्मिळ.

राघोबादादांचे वकील १७८१ सालीं विलायतेंत होते. तेव्हां महाराष्ट्राचा संबंध विलायतेच्या प्रवासाशीं नव्हता असें नाहीं. संग्राहकांस आमची इतकीच विनंति कीं, जुन्या रुमालांत समुद्रप्रवासाचीं पानें आढळल्यास मुक्काम, पाण्याचा खर्च व खलाश्यांचीं नांवें असलेले बंद किरकोळ समजून वेगळे काढूं नयेत. नक्कल करितांना तेच आधीं उतरून घ्यावे.