क्रिएटिनिन उतरलं, पुढे काय?

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. केळीच्या बागेत राबणाऱ्याला त्यात जुलाब-उलट्या लागल्या, वर अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅकची गोळी पोटात गेली, की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आटू शकतो. लघवी कमी होते, मूत्रपिंडाने गाळून बाहेर टाकायचं क्रिएटिनिन रक्तात चढतं. सलाइन, क्वचित डायलिसिस, आणि बहुतेकदा ते उतरतं. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो, फाइल कपाटात जाते.

खरी काळजी इथून पुढची. क्रिएटिनिन नॉर्मल आलं तरी मूत्रपिंडातल्या काही सूक्ष्म गाळण्या कायमच्या बाद झालेल्या असू शकतात. उरलेल्यांवर ताण पडतो, रक्तदाब वाढतो, अंगात मीठ-पाणी साठतं आणि भार हृदयावर येतो. मूत्रपिंडाला असा अचानक फटका बसून गेलेल्यांत पुढच्या वर्षांत हार्ट फेल्युअरचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळतं. म्हणून 3 महिन्यांनी क्रिएटिनिन, बीपी आणि लघवीतलं प्रथिन तपासायलाच हवं. लघवीची तपासणीच नेमकी राहून जाते, आणि बिघाडाची चाहूल अनेकदा तीच आधी देते. धुळ्याचं हिरे वैद्यकीय महाविद्यालय असो वा जळगावचं शासकीय, जाताना डिस्चार्ज कार्ड सोबत न्या. आजारपणात बंद केलेली बीपीची गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, हे तिथे आवर्जून विचारा. आणि डायक्लोफिनॅकसारखी गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका.